चारकोपची स्किपमावशी

मार्च अर्धा सरला की आमच्या विंगमध्ये सकाळी सकाळी आरडाओरडा सुरू व्हायचा. "झाड! झाड गो! अगो मेले, जोरात झाड!" नवीन भाडेकरूंना वाटायचं, पहिल्या मजल्यावरची म्हातारी कामवालीचा छळ करतेय. घरात ती एकटीच असायची. पुढ्यात विळी, विळीखाली बांगडे, आणि साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर कुठल्यातरी गारठलेल्या देशातल्या बायका एका सरकत्या दगडापुढे वाकून ब्रशने बर्फ घासत असायच्या. मावशी त्यांना चारकोपातून हुकूम सोडायची. त्यांनी ऐकलं नाही तर बांगड्याचं डोकं जरा जास्तच जोरात उडायचं.

हा खेळ म्हणजे कर्लिंग. मूठ बसवलेला जाडजूड दगड बर्फाच्या लांब पट्टीवरून सरकवायचा आणि पलीकडे रंगवलेल्या वर्तुळांच्या मधोमध नेऊन थांबवायचा. दुसऱ्याचा दगड मधे असेल तर टोला देऊन उडवायचा. बर्फावरचा कॅरमच म्हणा ना. दगड सुटला की त्याच्या पुढे पुढे धावत बर्फ घासतात, म्हणजे तो लांब जातो आणि फार वळत नाही. कप्तान पलीकडच्या टोकाला उभा राहून ओरडत असतो, त्याला स्किप म्हणतात. हे सगळं मला मावशीनेच शिकवलं, आणि तिचा आवाज ऐकून मी तिचं नाव स्किपमावशी पाडलं. तिला ते इतकं आवडलं की गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवरही तिने तेच लिहून घेतलं.

मावशी मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, मग काही वर्षांनी तोही गेला, आणि शाळेच्या कॅन्टीनमध्ये वडे तळून हिने एकुलती मुलगी शिकवली. ती मुलगी लग्न होऊन कॅनडात गेली आणि मावशी तिचं बाळंतपण करायला डिंकाचे लाडू घेऊन तिकडे पोचली. गाव छोटं, थंडी अशी की दार उघडायची सोय नाही. शेजारची गोरी आजी हिला बर्फाच्या हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे बायकांची जागतिक स्पर्धा भरली होती आणि गावातले लोक हौसेने सूप वाढत होते. "सूप वाढूक गेलंय आणि थंयच अडकलंय," मावशी सांगायची. सहा महिन्यांनी परत आली ती नातीचे फोटो कमी आणि सामन्यांचे व्हिडिओ जास्त घेऊन.

तिच्या तोंडून जागतिक स्पर्धेचा इतिहास ऐकणं म्हणजे भावकीची भानगड ऐकणं. स्कॉटलंड हे मूळ घर. कॅनडा म्हणजे तिथून बाहेर पडून गब्बर झालेला भाऊबंद. एकोणीसशे एकोणसाठ साली दोघांनी ठरवलं, बघूया कोण मोठा. "पाहुण्यान जावन घरवाल्याक धुतल्यान!" मग अमेरिका आली, स्वीडन आला, स्वित्झर्लंड, नॉर्वे, गणपतीला एकेक करून जमावेत तसे सगळे जमले. इथपर्यंत मावशी खुशीत असायची. बायकांची जागतिक स्पर्धा त्यानंतर तब्बल वीस वर्षांनी सुरू झाली, हे सांगताना मात्र तिचा आवाज चढायचा. "वीस वर्सां! खेळ झाडूचो, आणि बायकांका वीस वर्सां भायर ठेवल्यानी! लाज नाय मेल्यांका!"

तिची सगळ्यात आवडती गोष्ट बहात्तर सालची. अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध कॅनडा, कॅनडाचा शेवटचा दगड. दगड थांबला, आपण जिंकलो असं वाटून अमेरिकेचा गडी नाचला, त्याला बघून त्यांचा स्किपही उडाला, पाय घसरला आणि नेमका कॅनडाच्या दगडाला लागला. अजून मोजमाप व्हायचं होतं! झालं, वाट लागली. दगड कॅनडाचा धरला, बरोबरी झाली आणि जास्तीच्या डावात कॅनडा जिंकला. पण पुढे कितीतरी वर्षं कॅनडाला विजेतेपद मिळालं नाही. लोक म्हणतात, त्या स्किपने शाप दिला. मावशीचा शापांवर विश्वास होता, पण तिचं तात्पर्य वेगळं होतं: "मोजूच्या आधी नाचू नये." हे वाक्य तिने सोसायटीतल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. बारावीचा पेपर सोपा गेलेल्यांना तर दरवर्षी.

मला सोडून. मला ते ऐकवायची वेळ आली तेव्हा ती गप्प बसली.

माझी स्कूटर पावसात घसरली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. पाठीच्या कण्याला मार बसला. ऑपरेशन झालं, शुद्ध आली, पाय नाही आले. घरी आणल्यावर एका दुपारी माझ्या पायाचा अंगठा हलला. आईने पाहिला, मीही पाहिला. आईने देवापुढे साखर ठेवली, कोपऱ्यावरून पेढे आणले आणि अख्ख्या विंगमध्ये वाटले. मावशीच्या दारातही गेली. मी म्हटलं, आता बहात्तर साल निघणार. पण मावशीने पेढा घेतला, आईचे गाल कुरवाळले आणि म्हणाली, "गोड असा." दोन दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, तो नुसता झटका होता. स्नायू आपोआप आखडतात, त्याचा चालण्याशी संबंध नाही. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता घराबाहेर पडायचं नाही. ऑफिसने घरून काम दिलंच होतं. आम्ही तळमजल्यावर, तरी दारापुढच्या दोन पायऱ्या उतरायला चार माणसं लागायची. त्या चारांपुढे उचलून घेतलं जाण्यापेक्षा खोलीतली भिंत बरी. आई समजवायची, मामा समजवायचे, मी त्यांच्यावर खेकसायचे. माझ्या नाकावर राग आधीपासूनच, त्यात आता कारण मिळालेलं.

मावशीने समजावलं नाही. एक दिवस आली, मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ह्यां बघ." बर्फावर व्हीलचेअरी. चाकाच्या खुर्चीतल्यांचीही जागतिक स्पर्धा असते, आणि प्रत्येक संघात बाई असावीच लागते, हा नियम तिने मला दोनदा सांगितला. खेळाडू खुर्चीत बसून लांब काठीने दगड पुढे लोटत होते. दगडापुढे बर्फ घासणारं कोणी नव्हतं. "ह्यांच्यात झाडणा नाय. सोडलो की सोडलो, मागसून मदत नाय."

मी म्हटलं, "मग मी काय करू? बर्फ आणू कांदिवलीत? आता तेवढीच सर्कस राहिलीय ना माझी?"

"तुझी सर्कस कोण बघता गो," ती म्हणाली. "माझे गुडघे वाकनत नाय. माका एक गडी व्हयो."

असं तोंडावर स्वतःच्या गरजेचं बोलल्यावर माणूस काय करणार? रविवारी दुपारी, गाड्या बाहेर गेल्यावर, तिने बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये रांगोळीने वर्तुळं काढली. फरशीवर कॅरमची पावडर ओतली. दगड म्हणून कडीचे स्टीलचे डबे, आत वाळू. काठी आमचीच, कपडे वाळत घालायची, टोकाला दुबेळकं, म्हणजे दोन शिंगांचं बेचकं असलेली. ते दुबेळकं कडीत असं बसलं की जणू त्यासाठीच बनवलंय. चार माणसांनी मला उचलून खाली आणलं. मी कोणाकडे बघितलं नाही.

पहिला डबा लोटला. डबा जागेवर आणि मी मागे! पावडरीवर ब्रेक लावलेली चाकंसुद्धा घसरत होती. मला रडू फुटणार इतक्यात मावशीने वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची ओढली, माझ्या मागे ठाण मांडून बसली आणि दोन्ही हातांनी माझी खुर्ची धरली. तिकडेही असंच करतात. दगड सोडणाऱ्याच्या मागे संघातला दुसरा गडी आपली खुर्ची आणून लावतो आणि पुढची खुर्ची धरून ठेवतो. आईला वाटलं, मला जोर कमी पडतोय. ती मागून ढकलायला धावली. मावशी गरजली, "ताई, ढकलूची नाय! धरूची!"

आई बिचारी हात मागे घेऊन उभी राहिली. पण मला काहीतरी लख्ख कळलं. इतके महिने मला सगळे ढकलतच होते. पलंगापासून बाथरूमपर्यंत, बाथरूमपासून हॉलपर्यंत, एका वैद्यापासून दुसऱ्या वैद्यापर्यंत. प्रेमानेच, पण ढकलतच. कुठे जायचंय हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नव्हतं. मावशीचे हात मागे होते, पण डबा कुठे सोडायचा ते माझं मला बघायचं होतं. मी काठी रेटली. डबा खरखरत गेला आणि वर्तुळाच्या अलीकडेच थांबला. सवयीने मावशी बोंबलली, "झाड! झाड गो!" मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मी हसले. माझ्या हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला होता, म्हणून आई रडली.

तिसऱ्या रविवारी सेक्रेटरी साहेब हरकत घ्यायला आले. पार्किंग हे पार्किंगसाठी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तो मांडत मांडत ते पावडरीवर आले, सर्रकन घसरले आणि बरोब्बर मधल्या लाल वर्तुळात बसले. सगळे हबकले. मावशीने वाकून नीट पाहिलं आणि जाहीर केलं, "एकदम मधी. एक पॉइंट." साहेबांना हसावं की ओरडावं कळेना. कंबर धरून ते आठवडाभर घरी होते, पण माणूस मनाचा वाईट नव्हता. घरी बसून त्यांना दोन पायऱ्या म्हणजे काय ते उमगलं असावं. पुढच्या महिन्यात दारापुढे सिमेंटचा उतार झाला आणि मला उचलणारी चार माणसं सुटली. मीही सुटले.

त्यानंतर वर्षभर मी त्या पार्किंगमध्ये झकास खेळले. बाजूला दोन जादा चाकं लावलेली, हाताने चालवायची स्कूटरही घेतली. पण गेटच्या बाहेर मी काही गेले नाही. आवारात दोन फेऱ्या मारायच्या आणि परत कव्हर घालायचं. कधी ट्रॅफिकचं कारण, कधी उन्हाचं. पुन्हा पडले तर रस्त्यात मला उचलायला अनोळखी माणसं जमतील, या एका विचाराने मी किल्ली परत काढून ठेवायचे. आई म्हणायची, "जा की गं कोपऱ्यापर्यंत." मावशी तेवढं एकच वाक्य कधी बोलली नाही. स्कूटरजवळून जाताना तिच्या कव्हरवरची धूळ पदराने पुसायची आणि गोराईच्या कोळणीने आज कसे महाग बोंबील दिले त्यावर बोलत राहायची.

यंदा फेब्रुवारीत मावशी स्वयंपाकघरात कोसळली. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. हृदय थकलं होतं. मुलीला कॅनडातून यायला दोन दिवस लागणार होते. मामा म्हणाले, उद्या गाडी आणतो, तुला घेऊन जाऊ. आई म्हणाली, उद्या सगळे मिळून जाऊ. मी बरं म्हटलं. आई भाजी आणायला बाहेर पडली आणि मला एकदम राग आला. कोणाचा ते माहीत नाही. उद्या काय, उद्या? ती आज तिथे एकटी पडलीय! मी कव्हर ओढून काढलं. वॉचमनला व्हीलचेअर घडी करून मागे बांधायला लावली. गेटपाशी श्वास अडकला, हॉर्न वाजवायचा होता तो इंडिकेटर लागला, मागच्या रिक्षावाल्याने शिवी घातली. मी पण घातली. आणि त्या शिवीबरोबर गेट मागे गेलं. सिग्नलला लोक बघत होते. बघू देत.

हॉस्पिटलच्या फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्याने खुर्ची उघडून दिली. मी वॉर्डात शिरले तेव्हा मावशी डोळे मिटून होती. नाकात नळी, केस मोकळे. तिला मी केस मोकळे सोडलेलं कधी पाहिलं नव्हतं. चाकांचा आवाज ऐकून तिने डोळे उघडले, मग माझ्या मागे पाहिलं.

"कोणाबरोबर इलंस?"

"कोणाबरोबर नाही."

"आई खंय असा?"

"तिला सांगितलं पण नाही. स्कूटरने आले मावशी. एकटी."

ती माझ्या मांडीवरच्या हेल्मेटकडे बघत राहिली. कॅन्टीनच्या तेलाने भाजली तेव्हाही जी रडली नव्हती, तिच्या डोळ्यांतून पाणी कानापर्यंत गेलं. मी पुसलं. "भियालंस?" तिने विचारलं. म्हटलं, खूप. "मगे?" म्हटलं, मगे काय, आले. ती माझा हात धरून तशीच पडून राहिली. जरा वेळाने मी सांगितलं, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, आपण दोघी बघू.

खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं. मी म्हटलं, थांब, मामांना फोन करते, ते मला न्यायला येतील. तिने मान हलवली. नको. मोबाईल माझ्या हातातून घेऊन उशीखाली ठेवला, मग थोड्या वेळाने परत दिला.

आपल्याकडे निघणारा "येते" म्हणतो आणि राहणारा "ये" म्हणतो. "जा" कोणी म्हणत नाही, दवाखान्यात तर नाहीच. मावशी हे सगळं कडक पाळणारी. पाहुण्याच्या पाठीवर चुकून कोणी "जा" म्हटलं तर ती त्याला फाडून खायची. मी चाकं वळवली आणि म्हटलं, "येते मावशी."

ती म्हणाली, "जा गो बाय. जा."

तिसऱ्या दिवशी ती गेली. मुलगी पोचली होती, एवढं बरं झालं. सोमवारपासून मी अंधेरीला ऑफिसात जायला लागले. गेटपाशी अजून रोज एकदा श्वास अडकतो. मग तिचा आवाज ऐकू येतो, आणि मी जाते.