चुलत्यांच्या बांधावरचा साग

झाडाच्या वलयांवरून जुना पाऊस वाचणं हा माझा धंदा. साग वर्षाला एक वलय वाढवतो. पाऊस बरा झाला तर रुंद, ओढ दिली तर अरुंद. शाहूपुरीतला दुकानदार हे ऐकून म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या ताई, औंदा कसा हाय त्ये सांगा की!" मागचं सांगणाऱ्याला आपल्याकडं किंमत नाही.

या कामात एक पथ्य असतं, बागायतीतलं झाड घ्यायचं नाही. पाटाचं पाणी पिऊन ते दुष्काळातही गलेलठ्ठ होतं, मग त्यातून पाऊस काय कळणार? म्हणून मी कोरडे माळ हिंडत राहिले आणि कागलजवळच्या आमच्याच शेतात, चुलत्यांच्या बांधावर विहिरीच्या पाटालगत उभा असलेला साग कधी तपासला नाही. गेल्या वर्षी रस्ता रुंद करताना तो पाडला. तेव्हा मात्र बुंध्याची एक चकती मी मागून आणली, ती पावसासाठी नव्हे.

बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील, आबा, पलटणीत होते. दोघा भावांत विहीर एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आबा सुट्टीवर आले तेव्हा पुढचा पाऊस लागून विहीर काठोकाठ भरली होती आणि त्यांचा ऊस मात्र जळालेला. चुलते सांगत होते, विहीर आटली होती. आबांना भरलेली विहीर दिसत होती. धाकट्यानं आपली पाळी चोरली, हे जे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून भिंतीला भिंत लागून घरं आणि बोलणं बंद. लग्नकार्यातही दोघं दोन टोकांना बसायचे. मला दोघांचाही राग यायचा, तरी चुलत्यांवर माझा फार जीव.

पॉलिश पेपरनं चकती घासून मी भिंग लावलं. मनातून घाबरले होते. त्या वर्षाचं वलय रुंद निघालं असतं तर पाट वाहत होता, म्हणजे चुलते खोटे. इतर कोरड्या वर्षांत माळावरचे साग रोडावलेले आणि हा मात्र जाडजूड, म्हणजे विहिरीचं पाणी तो पीत होता हे नक्की. फक्त बहात्तरला तोही माळावरच्यांसारखाच, केसाएवढा. पाटाला थेंब आला नव्हता. मला रडूच आलं.

आबांना भिंगातून दाखवलं. पुन्हा पुन्हा विचारून त्यांनी खात्री करून घेतली. मग टोपी घातली आणि शेजारच्या दारात गेले. चुलते सोप्यात शेंगा फोडत बसले होते. मी मागं उभी.

"इहीर आटलीवती की रं," आबा म्हणाले.

चुलत्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांनी भाऊ दारात आला होता, पण त्यांचा आवाज चढला नाही.

"कुणी सांगितलं?"

"सागानं. पोरीनं बघितलं."

चुलत्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली.

"लाकडाचं ऐकलास व्हय दादा? तवा पायाला हात लावून सांगत हुतो, माझं न्हाय ऐकलास."