हिराच्या बाबांची होडी

मरोळच्या कारखान्याला टाळं लागून दोन महिने झाले होते, म्हणून आम्हा तिघींना जाता आलं. अंधेरीहून निघताना घरी सांगितलं, हिराच्या माहेरी चालले. होडीचं बोलले नाही.

हिरा कारखान्यात माझ्या शेजारी बसून औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायची. ती कोळ्यांची, घोडबंदरच्या बाजूची. तिच्या बाबांचे डोळे गेले होते, अन्न सुटलं होतं. एकच धोशा होता, माझी होडी आणा, एकदा हात लावू द्या. होडी कल्याणच्या वर, हिराच्या बहिणीच्या सासरी वापरायला दिलेली. भाऊ परदेशात. मेहुणा म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

"पुढच्या महिन्यात कोणाला दाखवू?" हिरा म्हणाली आणि आमच्याकडे बघत राहिली. आमच्यातली तिसरी, सुनंदा, मालवणची, तिला वल्हं मारता येत होतं. मला येत नव्हतं. पण मला नाही म्हणताही येत नाही. होडी आणायला आम्ही तिघीच तिच्या बहिणीच्या सासरी गेलो.

नदी मी पुलावरून पाहिली होती, आतून पहिल्यांदाच. पाणी हिरवं, संथ. काठावर म्हशी डुंबत होत्या, बायका कपडे धूत होत्या. होडी लहान आणि जुनी, बुडाला डांबर लावलेलं. नाळेला (पुढच्या टोकाला) हिराने हळद-कुंकू लावलं, पाण्यात नारळ सोडला. माझं वल्हं सारखं तिच्या वल्ह्यावर आपटायचं.

"अगं सुमन, वल्हं आहे ते, लाटणं नाही!"

संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड आले. कल्याणच्या पुलाखालून गेलो तेव्हा मान वर करून मी किती वेळ बघत होते. त्या एका दिवसात मी फार हसले, हे लिहायला आता बरं वाटत नाही.

रात्री खाडीकाठी हिराच्या मावशीकडे राहिलो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. सकाळी निघताना मावशीने चहा दिला. मग शेजारणीने दिला, मग तिच्या जावेने. मी तिन्ही प्यायले. इथूनच सगळं बिघडलं.

"सुकतीवर (ओहोटीवर) निघालो की दुपारी बाबांपाशी," हिरा म्हणाली. पाणीच आम्हाला ओढून नेत होतं. खाडी रुंद झाली, दोन्ही बाजूंना तिवरं, चिखलावर पांढरे बगळे. मला काही दिसत नव्हतं. मला जायचं होतं. दोन तास मी ओठ दाबून बसले. शेवटी सुनंदाच्या कानात सांगितलं.

"गो बाये, मग सांगूक नको?" ती मोठ्याने म्हणाली.

हिराने होडीतलं पाणी उपसायचा डबा पुढे केला. "इथेच बस. आम्ही डोळे मिटतो."

पण समोर रेती काढणारे पुरुष होते. मी मान हलवली. हिराने होडी तिवरांमधल्या एका अरुंद फाट्यात घातली. "लवकर हां, पाणी उतरतंय."

मी उतरले. तिथूनही रेतीवाल्यांचं शीड दिसत होतं. आणखी आत गेले. अजून दिसत होतं. आणखी आत. चिखल गुडघ्यापर्यंत, पाय निघेना. परत आले तेव्हा होडी एका कुशीवर कलंडली होती. खाली नुसता चिखल. आम्ही तिघींनी ढकलली. ती वीतभरही हलली नाही.

"आता भरतीपर्यंत बसा," हिरा म्हणाली.

मी रडायला लागले. "रडां नको गो, पाणी काय तुका विचारून जाता?" सुनंदाने म्हटलं. मावशीने बांधून दिलेल्या भाकऱ्या फडक्यातच राहिल्या. हिरा पूर्ण दुपार होडीत उभी राहून पाण्याकडे बघत होती.

दिवेलागणीला पोहोचलो. काठावर बायका उभ्या होत्या, पण कोणी हाक मारली नाही. हिराने वल्हं उचललं ते खाली टाकलंच नाही. होडी आपोआप काठाला लागली.

हिराची आत्या पुढे आली. "दुपारी गेला गो. सारखा विचारत होता, आली का, आली का. शेवटी आम्ही त्याचा हात खाटेच्या लाकडावर ठेवला, म्हटलं, आली. त्याने बोटं फिरवली. म्हणाला, ही माझी नाही."

हिराने होडीच्या नाळेवर कपाळ टेकलं. मी चिखलाच्या पायांनी तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. नको म्हटलं तरी हिरा रस्त्यापर्यंत सोडायला आली. बोरिवलीच्या बसची वाट बघत आठ-दहा पुरुष उभे होते. सुजल्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सुमन, जायचंय का? बसला वेळ आहे."

तिने चिडून विचारलं असतं तर मला सोसलं असतं.

घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. मुलाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात हे लिहिलं. लाज ही बाईची शोभा, असं आई म्हणायची. माझ्या लाजेने एका आंधळ्या माणसाचा हात रिकामा राहिला.

त्या थांब्यावर मी सगळ्या पुरुषांदेखत, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "हो, जायचंय." हिरा माझा हात धरून मला घेऊन गेली.