बेटावरचं लग्न आणि लिंपलेली चूल

हरवलेली वस्तू हातात ठेवल्यावर लोक हसतात, पेढे वाटतात, क्वचित मिठीही मारतात. नोकरीत मी हे पुष्कळ पाहिलं. पण वस्तू परत मिळाली म्हणून मान खाली घालून रडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. तापीकाठच्या एका गावात केळी आणि ऊस पिकवणारे एक गुजर शेतकरी होते. सारं गाव त्यांना भाऊ म्हणे, मीही तेच म्हणतो. बायको लवकर गेली होती. एकुलती लेक परदेशात नोकरी करत होती आणि तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं होतं. दोन्हीकडच्यांना जमेल म्हणून लग्न दूर समुद्रातल्या एका बेटावर करायचं ठरलं.

आमच्याकडे बेट म्हणजे बांबूचं. नदीकाठाला बांबूची दाट बेटं आहेत, आणि तिथं कोणी सहज जात नाही. त्यामुळे बातमी पसरली तेव्हा पारावर एकच चर्चा झाली.

"बेटमा लगीन? साप निंघतीन ना."

"भाऊले जागा कमी पडनी का काय?"

हे लग्न माझ्या टेबलावरून गेलं ते पासपोर्टमुळे. पासपोर्टच्या अर्जाची पडताळणी पोलिसांकडे असते. अर्ज खरा आहे का, माणूस त्याच पत्त्यावर राहतो का, त्याच्यावर गुन्हा आहे का, हे आम्ही पाहतो. भाऊंच्या जवळच्या नात्यातली सगळी मंडळी नटूनथटून ठाण्यात आली. भाऊंच्या थोरल्या बहिणीला हवालदारानं विचारलं, "तुमच्यावर काही गुन्हा?" म्हातारी विचारात पडली. "सासूसंगे भांडेल शे. ते लिखनं पडी का?" हवालदार म्हणाला, तसं असेल तर तालुक्यात कोणालाच पासपोर्ट मिळायचा नाही.

नियोजनाला सुरतेहून एक तरुण आला होता. भाऊंच्या अंगणात चहा पिताना मी त्याचं सांगणं ऐकलं आणि मला नाटकाचा पहिला अंक बघितल्यासारखं वाटलं. वाळूत मांडवाची मेढ टिकत नाही, म्हणून लोखंडी सांगाडा उभारायचा. समुद्राचा वारा होम विझवतो, म्हणून होमाला तीन बाजूंनी आडोसा. बेटावर घोडा नाही, नवरदेव होडीतून येईल. विमानात हळद कुंकू हातातल्या पिशवीत नको, मोठ्या सामानात टाका. दुपारी वाळू तापते, तेव्हा मुहूर्त संध्याकाळचा घ्या आणि भटजींना आधीच सांगून ठेवा. पाऊस आलाच तर हॉटेलचा हॉल राखून ठेवलेला आहे.

"आणि वरणबट्टी?" भाऊंनी विचारलं.

"काका, तिथं उघड्यावर चूल पेटवायला परवानगी नाही. जेवण हॉटेलचं."

भाऊ हसले. नेहमीपेक्षा थोडं उशिरा हसले, एवढंच माझ्या लक्षात आलं.

लेक परदेशातून घरी आली, निघायचा दिवस जवळ आला आणि भाऊ त्या नियोजनवाल्याला घेऊन ठाण्यात हजर. सगळ्यांचे पासपोर्ट एका चामडी बॅगेत, बॅग कपाटात, आणि कपाटातून बॅग नाहीशी.

"चोरी झाली साहेब," तरुण म्हणाला.

"हरवली लिहा," भाऊ म्हणाले.

"काका, कपाटातून हरवते का?"

"हरवली लिहा साहेब. चोरी शब्द नको."

मी कोणावर संशय आहे का विचारलं. भाऊ म्हणाले, कोणावरच नाही. घरी सातपुड्यातला एक पावरा आदिवासी गडी वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून होता. मी त्याचं नाव काढताच भाऊ खुर्चीतून उठलेच. "त्याला हात लावायचा नाही. त्याच्या पोरांची नावं मी ठेवली आहेत." ड्रायव्हर? तो देवमाणूस. भाऊबंद? ते तर आपलेच.

माझा अनुभव असा की ज्याचं काही गेलंय, तो कोणावर तरी संशय घेतोच. काही नाही तर शेजाऱ्यावर, जावयावर, निदान मांजरावर तरी. ज्याचा कोणावरच संशय नाही, त्याच्याकडे मी जरा निरखून पाहतो. पण हा विचार मी मनातच ठेवला. गहाळ झाल्याची नोंद स्टेशन डायरीला घेतली आणि खबऱ्यांना कामाला लावलं.

दुसऱ्याच दिवशी एक खबऱ्या धापा टाकत आला. केस कापायच्या दुकानात त्यानं भाऊंच्या घरातल्या दोघांचं बोलणं ऐकलं होतं.

"सायेब, बॅग बेटमा शे. मी मन्हा कानघाई ऐकं."

झालं. माझे शिपाई काठ्या घेऊन नदीकाठच्या बांबूच्या बेटांत घुसले. दुपारपर्यंत त्यांच्या अंगावर ओरखडे, हाताला काटे, आणि हाती लागलं काय, तर हातभट्टीचे भरलेले ड्रम. म्हणजे एक वेगळाच गुन्हा उघडकीस आला. बॅगेचा पत्ता नाही. मग त्या दोघांना बोलावून घेतलं. त्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्या शिपायांच्या हातांकडे, आणि हसू दाबत सांगितलं, "सायेब, आम्ही गंमत करी ऱ्हायनूत. बॅग आमना पहिले बेटवर पोहोची गयी, असं बोलनूत." समुद्रातलं बेट. आमच्या खबऱ्यानं नको ते बेट उचललं होतं.

खबऱ्या मात्र खजील व्हायला तयार नव्हता. जाता जाता स्वतःची बाजू राखायला म्हणाला, "दुसरं बी सांगू का? भाऊ आज सकायमा स्वता चूल लिपी ऱ्हायनात. इतला मोठा मानूस."

मी पेन खाली ठेवला.

भाऊंच्या घरामागे मातीची एक लांबलचक चूल होती. लग्नाकार्याच्या वेळी तिच्यावर वांग्याच्या भाजीची मोठी पातेली चढत. एरवी तिच्यावर कोंबड्या बसत. या लग्नात ती पेटणारच नव्हती. मग ती लिंपायची कशाला?

मी एकटाच गेलो. भाऊ चुलीच्या कडेला बसले होते. माती ओली होती, आणि चुलीचं तोंड पूर्ण बंद केलेलं होतं.

"भाऊ, चूल लिंपताना तोंड उघडं ठेवतात," मी म्हणालो.

त्यांनी ते नाकारलं नाही. सबबही सांगितली नाही. हातातली माती खाली ठेवली.

"साहेब, चूलबंद म्हणजे काय, माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. आमच्याकडे लग्नाला बोलावण्याच्या पद्धती आहेत. एका माणसाला बोलावलं तर घरचा एक जण येतो. चूलबंद बोलावलं तर त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हातारं, लेकरू, आलेला पाहुणा, गडी, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं.

"या गावातल्या प्रत्येक घरी मी चूलबंद जेवलो आहे," भाऊ म्हणाले. "पोरीची आई गेली, तेव्हा ही लहान होती. कितीतरी दिवस माझ्या घरात चूल पेटली नाही. ताटं गावातून यायची. तेव्हा मी शब्द दिला होता. पोरीच्या लग्नात गावात एक चूल पेटू देणार नाही. आता तो सुरतवाला सांगतो, यादी लहान ठेवा."

"मग पोरीला सांगायचं."

"तिच्यापुढे मी कधी नाही म्हटलं आहे?" मग हळूच म्हणाले, "विमान चुकलं असतं तर लग्न इथंच लागलं असतं. बॅग परवा सापडू द्या साहेब. दोनच दिवस. माझा शब्द राहील."

ते शक्य नव्हतं. त्या बॅगेत नवरीचाही पासपोर्ट होता. त्यातल्या व्हिसावरच ती परदेशात नोकरी करत होती. शिवाय बाकीच्या माणसांचे पासपोर्ट त्यांचे स्वतःचे होते. मी पंचांना बोलावलं, माती फोडली, बॅग काढली आणि घरातच मिळून आल्याची नोंद केली. तेव्हा भाऊ रडले.

लेक मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. कोणीही तिला काही सांगितलं नाही. तिनं बॅगेकडे पाहिलं, मग वडिलांच्या हातांकडे. नखांत माती होती. ती त्यांना धरून नळापाशी घेऊन गेली आणि लहान मुलाचे धुवावेत तसे त्यांचे हात धुऊ लागली.

"बापू, एकदा बोलले असते तर."

"तू खूश होतीस ना."

"मी तर तुम्ही खूश आहात म्हणून गप्प होते. यादी कापताना मला वाटलं, तुम्हालाच धावपळ नको आहे."

हे मला सर्वांत जास्त लागलं. दोघांनाही लग्न गावातच हवं होतं, आणि एकमेकांच्या मायेपोटी दोघांनीही तोंड उघडलं नव्हतं. नवरदेवाकडची मंडळी तोवर बेटाकडे निघालीसुद्धा होती.

लग्न बेटावर झालं, उत्तम झालं असं कळलं. वारा आला, होम टिकला. परत आल्यावर भाऊंनी घरामागची चूल पेटवली आणि गावाला चूलबंद बोलावणं धाडलं. मलाही होतं. मी बायकोमुलांसह गेलो.

लोक आले. लेकीला आहेर केला, फोटो काढले, गोडाचा एक घास तोंडात टाकला. पंगतीला बसा म्हटलं की हात जोडत. "पोट भरेल शे भाऊ. आम्ही जेवीसन उनूत." आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊंनी पाय धरून त्यांना बसवलं असतं. चूलबंद लग्नाच्या दिवसाचं असतं आणि लग्न लागून गेलं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता घराघरात गॅस आहे, धूर दिसत नाही. पण पंगत वाढायची वेळ झाली आणि गावातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. आधी एका गल्लीतून, मग दुसऱ्या. भाऊ हातात वरणाचा डाव घेऊन उभे होते. 

"चूल पेटनी साहेब," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. या प्रकरणानं मला एवढं शिकवलं की माणूस आपलीच वस्तू लपवतो तेव्हा ती वस्तू शोधणं सोपं असतं. तो जे बोलू शकला नाही, ते वेळेत शोधून काढणारं खातं मात्र कुठंच नाही. बॅग मी वेळेत काढली. भाऊंच्या मनातला शब्द कोणालाच काढता आला नाही.

बायकोला मी सकाळीच बजावलं होतं, आज गॅसला हात लावायचा नाही. त्या दिवशी भाऊंच्या आमंत्रणानं बंद राहिलेली चूल एकच होती. ती पोलीस वसाहतीत होती.