गोडंबीचे हात

खामगावच्या मुलींच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. आमचं सरकार तेव्हा नागपुरात बसायचं आणि मीही नागपूरचीच, एका कारकुनाची मुलगी. स्वच्छतेच्या बाबतीत माझा स्वभाव भारी खाष्ट. रोज प्रार्थना झाली की मुलींनी रांगेत हात पुढे धरायचे, आधी तळवे, मग पालथे, आणि मी नखं बघत पुढे सरकायचे. नखात मळ दिसला की पट्टी. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं, पण तेव्हा मला तो देशसेवेचाच भाग वाटे.

त्या वर्षी थंडी सरता सरता एका मुलीच्या हातांवर फोड दिसले. बोटांच्या बेचक्यात सुजलेलं, काळपट, खाजवून खाजवून सोललेलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर ती. तोंडी हिशेबात तिच्यापुढे मीसुद्धा जपून असायचे. चौथीची परीक्षा महिन्यावर आली होती. ही परीक्षा चुकली तर पुढे शाळा नाही, असं तिच्या बापानं बजावून ठेवलेलं, आणि ते मला माहीत होतं. तरी मी तिला सांगितलं की ही खरूज आहे, सगळ्या वर्गाला लागेल, हात बरे झाल्याशिवाय शाळेत पाऊल टाकायचं नाही. ती म्हणाली, खरूज नाही, आम्ही घरी गोडंबी फोडतो. उलट उत्तर देते म्हणून मी आणखीच भडकले. हजेरीपटात तिच्या नावापुढे कारण लिहिलं, खरूज.

मला गोडंबी ठाऊक होती ती डिंकाच्या लाडवातली. ती बिब्याच्या पोटात असते, आणि बिबा दगडावर ठेवून फोडताना त्याचं काळं तेल उडून हात भाजतात, हे लाडू खाणाऱ्याला कुठून कळणार! तिची आई व्यापाऱ्याकडून बिब्याची पोती आणायची आणि घरातल्या बायका-पोरी फोडायला बसायच्या.

पंधरा दिवसही झाले नसतील, माझ्याच मानेला खाज सुटली. खाज म्हणजे कशी, फळ्याकडे तोंड केलं की मी खडूनंच मान खाजवून घ्यायचे. मागे चांगला रुपयाएवढा चट्टा, त्यावर बारीक पाणफोड. लाजेनं पदर गळ्याभोवती लपेटून डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडे मुंबईहून नवीनच आलेलं एक मलम होतं, शिशाच्या नळीतलं. त्यांनी समजावून सांगितलं की कातडीला एखादी वस्तू सोसली नाही की अंगात खाजेचं द्रव्य सुटतं आणि हे औषध त्याला अडवतं. ह्याला अ‍ॅलर्जी म्हणतात, ही एकाची दुसऱ्याला लागत नाही, शाळेत खुशाल जा. फुटलेल्या कातडीवर मात्र लावू नका, आणि कशामुळे उठलं ते शोधा, नाहीतर नळी संपेल आणि खाज उरेल.

मलम बोटावर घेतलं तर थंडगार. लावल्यावर थोड्याच वेळात खाज शमली, आणि मी त्या डॉक्टरला मनातल्या मनात शंभर वर्षं आयुष्य दिलं. दोन-चार दिवसांत चट्टा बसला. मग गुरुवारी वरठ्याकडून, म्हणजे आमच्या धोब्याकडून, धुतलेले कपडे आले आणि शुक्रवारी मान पुन्हा पेटली. मी पुन्हा नळी पिळली. कशामुळे उठलं ते काही शोधलं नाही. शाळा मात्र एक दिवस बुडवली नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. माझी ती अ‍ॅलर्जी, तिची ती खरूज.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना त्या मुलीची आई शाळेत आली. वर्ग सुटला होता. पोरीचं नाव कमी करा, असं ती सांगायला आली होती. शाळा नाही म्हटल्यावर पोर दिवसभर बिबे फोडायलाच बसते, मग हात बरे व्हायचे कुठून, असं ती म्हणाली. बोलता बोलता माझा पदर सरकला आणि तिची नजर मानेवर गेली. तिनं विचारलंसुद्धा नाही. पोलक्याचा गळा बोटानं उलटा करून आतली बाजू पाहिली. तिथं वरठ्यानं आमच्या घराची खूण केली होती, बिब्याच्या तेलाची काळी फुली.

"तुम्हाले बिबा उतला, बाई," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या हाताले बी हेच हाय."

मग तिनं विचारलं, "मंग तुम्ही काऊन घरी नाही बसल्या?"

टोमणा नव्हता तो. मास्तरणीला नियम वेगळा असतो का, एवढंच तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मला भयंकर लाज वाटली. पोरीला उद्याच पाठवा, असं मी कसंबसं म्हणाले. आई म्हणाली, ती नाही यायची, हात बरे झाल्याशिवाय यायचं नाही असं बाईंनी सांगितलंय.

त्या संध्याकाळी नळी घेऊन मी त्यांच्या घरी गेले. जखमा सोडून मनगटांवर कुठं लावायचं ते दाखवलं. परीक्षेपर्यंत पोरीला बिब्याला हात लावू देणार नाही, तिच्या वाटचे मीच फोडीन, असं आईनं कबूल केलं. हजेरीपटातला तो शब्द मी खोडला, पण शाई दाट असल्यानं खालचं वाचता यायचंच. पुढं ती पास झाली, आणि चांगली झाली, हे आधीच सांगून टाकते.

कारण मला विसरता येत नाही ती परीक्षेची सकाळ. त्या दिवशी मी नखं तपासणार नव्हते. मुली धडाधड आत जाऊन आपापल्या जागी बसल्या. ती मात्र उंबऱ्याबाहेर थांबली. मी आत ये म्हटलं तरी हलेना. मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले, आधी तळवे, मग पालथे, आणि मी बघायची वाट पाहत उभी राहिली.