औदुंबराभोवतीची चाकोरी

ह्यांच्या डोळ्यामागे दुखतंय म्हणून डॉक्टरांनी स्कॅन करायला सांगितला. चिठ्ठीवर शब्द होता 'ऑर्बिट'. हे आत गेले आणि मी ती चिठ्ठी हातात धरून बाहेर बसले. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. ऑर्बिट म्हणजे कक्षा, ग्रहाचा फिरण्याचा मार्ग, हे मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलं. डोळ्याच्या खोबणीलाही तोच शब्द आहे, हे आज कळलं. उगीच मोबाइलवर शोधत बसले, तर मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निघाला, गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली वाट. म्हणजे आपली चाकोरीच की!

समोर हॉस्पिटलच्या आवारात औदुंबर होता. त्याच्याभोवतीचं गवत गोल झिजून माती उघडी पडली होती. तिथे एक बाई अनवाणी प्रदक्षिणा घालत होत्या.

"बसलं की नाही नाही ते मनात येतं हो," त्या म्हणाल्या. "चला, अकरा घाला."

"माझा नाही विश्वास."

"माझा तरी कुठे होता?"

मी चपला काढल्या. किती जणांच्या काळजीने झिजली असेल ही माती? पाऊल कुठेही टाकायला गेलं तरी त्या वाटेतच पडत होतं.

नववी फेरी अर्धी झाली आणि आतून ह्यांचं नाव घेऊन कुणीतरी नातेवाइकांना बोलावलं. पुन्हा हाक आली. "आले, आले," म्हणत मी धावत सुटले, पण दाराकडे नव्हे, झाडाभोवती.