क्लोरीन तू हो

"क्लोरीन तू हो," सर माझ्याकडे बोट करून म्हणाले. "घ्यायची सवय असते तुमच्या लोकांना."

वर्ग हसला.

दहावीचा क्लास. वाशीतल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर. माझी आई तिथं लादी पुसायची, संडास धुवायची. सरांनी मला फुकट बसू दिलं होतं. शेवटच्या बाकावर. तुर्भ्याच्या वस्तीतून मी चालत यायची.

मी फळ्याजवळ गेले. सोडियम झाली ईशा. पहिल्या बाकावरची. सरांनी तिच्या हातात खडूचा तुकडा दिला. हा इलेक्ट्रॉन.

"सोडियम धातू. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, तो देऊन टाकतो. क्लोरीन अधातू. त्याच्याकडे सात, आठाला एक कमी. म्हणून घेतो. देणाऱ्यावर धनप्रभार, घेणाऱ्यावर ऋणप्रभार. मग दोघं एकमेकांना खेचतात. हाच आयनिक बंध. ईशा, दे तिला. आणि हात धर तिचा."

ईशानं हात मागं घेतला.

"सर, हिची आई टॉयलेट धुते ना."

सर हसले. म्हणाले, "बरं बाई, लांबूनच बंध कर."

ईशानं खडू फेकला. माझ्या छातीवर आपटून खाली पडला. आई दारातच होती, हातात पोछा. तिनं सगळं ऐकलं. मान खाली घालून ती तीच लादी पुन्हा पुसत राहिली.

"उचल," सर म्हणाले.

मी उभीच.

"उचल म्हटलं ना!"

"नाही उचलत."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

आई धावत आत आली. सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. "पाया पड सरांच्या. काम जाईल माझं!" मी हलले नाही. मग तीच वाकली. खडू उचलून तिनं टेबलावर ठेवला, हात जोडले. "सर, पोरगी हाय. पदरात घ्या."

सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्या हिनं वर्गासमोर माफी मागायची. नाहीतर दोघीही येऊ नका."

त्या संध्याकाळी मी धडा काढून वाचला. सोडियम उपकार करत नाही, इलेक्ट्रॉन दिल्यानंच त्याचंही अष्टक पुरं होतं. दोघांनाही एकमेकांची गरज असते, तेव्हा कुठं मीठ होतं. सरांना हे ठाऊक होतं. तरी त्यांनी मला हात पसरायला उभं केलं.

मी माफी मागितली नाही.

आईचं काम गेलं. मग ती भाजी मार्केटात सडका कांदा निवडायला बसू लागली. ओल्या फरशीवर, उकिडवी. गुडघे गेले. आता भिंत धरून उठते. मी घरीच अभ्यास करून पास झाले, आज केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आईला त्याचं कौतुक नाही. परवा कोपरखैरण्याच्या मावशीसमोर म्हणाली, "एक खडू उचलला असता हिनं, तर माझे पाय धड असते."

खरं असेल. मी तिचे पाय चेपते. तेल लावते. पण तिच्यापुढंही मी 'चुकले' म्हणत नाही. म्हणणारही नाही. उद्या पुन्हा कुणी वाकायला सांगितलं, आणि पुन्हा तिचंच काम पणाला लागलं, तरी मी वाकणार नाही. तिनं मला कधीच माफ केलं नाही तरी.