दिवसाची गोष्ट

सेवाग्रामच्या दवाखान्यात, मुलांच्या वॉर्डात, ती मला एकदाच दिसली. मांडीवर तिची लहान मुलगी होती आणि हातात वॉर्डातलं आफ्रिकी लोककथांचं चित्रांचं पुस्तक. शेजारच्या खाटांवरची मुलंही जवळ येऊन बसली होती. ती पानं उलटत होती, पण बोलत नव्हती. हत्ती आला की तिचा हात सोंडेसारखा डुलायचा. पाखरांची पिसं लावून आभाळात निघालेलं कासव आलं, तेव्हा तिची बोटं मुलांच्या डोक्यांवरून संथ तरंगत गेली. मुलांच्या माना त्यांच्यामागे वळल्या. दुपारच्या उन्हात सगळा वॉर्ड पाण्याखाली असल्यासारखा वाटत होता.

“मोठ्यानं का सांगत नाही?” मी विचारलं.

“दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते, भाऊ. आज इचं ऑपरेशन हाये. मामा रक्त द्याले येऊन राह्यला केळझरवून.”

“चूप ना, काका!” मुलगी मला म्हणाली.

बऱ्याच वेळानं दारात एक घामाघूम तरुण उभा राहिला. “ताई, भलत्याच बिल्डिंगीत गेलतो!”

तिनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग पुस्तक पहिल्या पानावर आणलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “एक होतं कासव.”